परातीतलं कासव

गुरुवार उजाडला की सिडकोतल्या बायकांचं घरात लक्ष लागत नसे. दूध उतू जावो की भाजी करपो, साडेतीनला गिरणीवरच्या हॉलमध्ये पुढची जागा मिळालीच पाहिजे! तिथे दूरदृष्टी महाराज बसत. मूळचे मनमाडचे. तिथे असताना त्यांना म्हणे समोरचा माणूससुद्धा चष्म्याशिवाय ओळखू येत नसे. पण नाशकात पाऊल ठेवलं आणि नजर थेट बंगळुरूपर्यंत पोचायला लागली. समोर तांब्याची परात, परातीत गोदामाईचं पाणी आणि त्या पाण्यात परगावी गेलेली लेकरं.

"दिसतंय... दिसतंय, माऊली! तुमचा सोमनाथ. समुद्रावर गेला होता. पिवळा शर्ट घातलाय. मित्र तर किती! सातशे बारा! जग जिंकलं हो पोरानं!"

"अगं बाई!" सगळा हॉल एका सुरात म्हणाला. सोमनाथची आई शकुबाई. तिने पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआडून तिसऱ्या रांगेतल्या चंद्रभागेकडे हळूच बघून घेतलं.

चंद्रभागेच्या पोटात दुखायला लागलं. तसं ते गेली सहा वर्षं दुखतच होतं. शकुबाई शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिचा सोमनाथ आणि हिचा दिनेश एकाच वर्गातले. दहावीला सोमनाथला चार टक्के जास्त. सोमनाथ इंजिनिअर, दिनेशचा डिप्लोमा. सोमनाथ बंगळुरूला एसीत, दिनेश पुण्याला कारखान्यात मशीनवर. आणि आता महाराजांच्या परातीतसुद्धा सोमनाथच!

"महाराज, माझा दिनेश दिसतो का बघा ना. अडीच महिने झाले, त्याच्याशी बोलणं नाय."

महाराजांनी पाण्यावर फुंकर घातली, कपाळाला आठ्या घातल्या. "अंधार. निव्वळ अंधार. माऊली, श्रद्धा कमी पडते तुमची."

घरी जाताना शकुबाई म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. सगळ्यांचीच पोरं दिसत नसतात. तेवढं तेज लागतं."

चंद्रभागेने घरी येऊन पातेली आपटली. "देवालाबी मेलं शकुबाईचंच पोर दिसतं!"

धाकटी तेजस्विनी कॉलेजात शास्त्र शिकत होती. तिने पुस्तक मिटलं. "आई, पाण्यात बघून सातशे बारा माणसं मोजली त्यांनी? ढवळलं की चुकत नाहीत?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"आणि पहिल्या गुरुवारी चिठ्ठी कशाला घेतात गं?"

चिठ्ठीचा नियमच होता. मुलाचं पूर्ण नाव, कॉलेज, कंपनी, गाव, सगळं लिहून द्यायचं. महाराजांचा चेला कारभारी ती गोळा करी, आठ दिवस देवापाशी ठेवी, मगच पुढच्या गुरुवारी दर्शन. चंद्रभागा म्हणाली, "देवाला पत्ता नको का कळायला?" तेजस्विनी एवढंच म्हणाली, "येत्या गुरुवारी पुन्हा एकदा चिठ्ठी टाक."

चिठ्ठी टाकल्यावर आठ दिवसांनी महाराजांनी परातीत डोकावलं आणि मांडीवर थाप मारली.

"उजेड! माऊली, आज उजेड पडला! दिनेश तुमचा... उजव्या पायाला पांढरं पांढरं... प्लास्टर! जिन्यावरून पडलाय. आणि पायाशी... थांबा... कासव! प्रत्यक्ष कूर्मावतार! पुंजा म्हणून हाक मारतो त्याला!"

खोटं कशाला बोलायचं, चंद्रभागेने पहिल्यांदा बघितलं ते शकुबाईकडे. माझ्या पोराच्या पायाशी कूर्मावतार, तुझ्याच्या पायाशी काय, तर वाळू! हे मनात घोळवून झाल्यावर मग तिला प्लास्टर आठवलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. ती किंचाळली, "अगं बाई, माझ्या लेकराचा पाय!"

"पाय ठीक हाय, आई."

दारात दिनेश उभा होता. दोन-दोन पायऱ्या चढून आल्याने धापा टाकत, दोन्ही पायांवर. शेजारी तेजस्विनी, हातात कागद.

"महाराज, ते प्लास्टर मी घातलंय," ती म्हणाली. "शनिवारी, सायबर कॅफेत बसून. कासवही माझंच."

तेजस्विनीने बायकांना समजेल असं सांगितलं. "कॉम्प्युटरवर ऑर्कुट नावाची जागा आहे. पोरं तिथे आपलं पान काढतात, फोटो लावतात, एकमेकांना निरोप लिहितात. आपण चिठ्ठी लिहितोय असं त्यांना वाटतं, पण ती लागते चौकातल्या फळ्यावर. कुणीही वाचावी. समुद्र, पिवळा शर्ट, मित्रांचा आकडा, सगळं तिथे आहे. दादाचं पानच नव्हतं, म्हणून महाराजांना अंधार दिसला. मी त्याला विचारून पान काढलं. माझ्या मैत्रिणीने त्यावर लिहिलं, जिन्यावरून पडलास ना, प्लास्टर कधी निघणार, आणि तुझा पुंजा कासव कसा आहे? आठ दिवसांत कासव परातीत! पान कोण बघून गेलं तेही कळतं बरं का. हा बघा कागद. मैत्रीण सोडली तर एकच पाहुणा, कारभारी, मनमाड."

कारभारी चपला शोधायला लागला. महाराज म्हणाले, "ही तर देवाची परीक्षा होती!"

"मग नापास झालात," मागून एक आजी म्हणाली, आणि हॉल खदखदून हसला.

हसली नाही ती शकुबाई. तिने तेजस्विनीचा हात धरला. "पोरी, तिथं समदं वाचता येतं ना? मग बघशील का, आईबद्दल कायतरी लिहितो का तो? चार महिने झाले, माझा फोन उचलत नाय."

चंद्रभागेने सहा वर्षं या दिवसाची वाट पाहिली होती. शकुबाईची मान खाली गेली की साखर वाटायची, असं मनाशी ठरवलेलं. आता साखरेची आठवणसुद्धा झाली नाही. ती दिनेशकडे वळली. "आणि तू रे? तू का नाय केलास फोन?"

"तेजूला दर रविवारी करतो की." दिनेश खाली बघत म्हणाला. "तू फोन घेतलास की पहिलं विचारतेस, पगार किती वाढला, आणि मग सोमनाथचा किती ते सांगतेस. माझं काय चाललंय ते कधी विचारलंस, आई?"

चंद्रभागेने त्याच्या खिशातला मोबाइल काढून त्याच्याच हातात दिला. "यांच्याकडून नंबर घे, सोमनाथला लाव. तुझा नंबर त्याला ओळखीचा नाय, उचलील."

त्याने उचलला. "हॅलो, कोण?" दिनेशने मोबाइल शकुबाईच्या कानाला लावला. चंद्रभागेने तिच्या पाठीवर हात ठेवला. "विचारा, जेवलास का म्हणून. दुसरं काय बी नको."

तर बायांनो आणि बाप्यांनो, परात कणीक मळायला असते आणि पाणी प्यायला. त्यात बंगळुरू दिसत नाही. कुणी दिसतं म्हणाला, तर त्याला आधी कुणी काय सांगितलं, ते विचारा. आणि लेकराची खबर हवी असेल तर लेकरालाच विचारा. तेवढं विचारताना शेजारच्या पोराचं नाव काढू नका.