खाडीतलं बारसं

होडीत मी उभी राहिले की खाडी रुंद व्हायची. पहिल्यांदा ती थोडीच वाढली, तेव्हा मी भरतीला दोष दिला. दुसऱ्यांदा पलीकडचा धक्का आणि त्यावरची माणसं एकदम मागे सरकली आणि माणसांचे चेहरे दिसेनासे झाले.

पलीकडे माझ्या भावाच्या, विद्याधरच्या मुलीचं बारसं होतं. आत्या मी एकटीच. कानात नाव मीच सांगायचं, त्यामुळे सगळं माझ्यावाचून अडलं होतं. मी होडीवाल्याला जरा जोरात न्यायला सांगितलं. त्याने वेग वाढवला आणि धक्का आणखी लांब गेला. मग तो माझ्याकडे पाठ करून बसला.

विद्याधरचा फोन आला. बाळ पालथं पडायला लागलंय, तू आहेस कुठे, असं त्याने विचारलं. खाडीत आहे, म्हटलं. ते ऐकून तो वैतागला. मी तर घरातून निघतानाच वैतागलेली होते. मी होडीच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. पुन्हा फोन आला तेव्हा बाळाला दात आले होते, पाहुणे जेवून गेले होते, आणि ती रांगत दाराबाहेर गेली की घरचे तिला नुसतं ‘अगं ए’ म्हणून शोधत होते.

“शाळेत नाव घालायचंय तिचं,” तिसऱ्या फोनवर तो म्हणाला. “काय घालू?”

फोनवर सांगून चालणार नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं.

होडीत आणखी एकच प्रवासी होत्या, रुकय्याचाची. मांडीवर पातेलं घेऊन त्या कोलंबी सोलत होत्या. मी सारखी धक्क्याकडे पाहत होते, त्या मात्र मान खाली घालूनच.

“बसा,” त्या म्हणाल्या.

“मला उशीर होतोय.”

“तो होऊन गेला. आता बसा.”

मला त्यांचा राग आला. त्यांना काही घाई नव्हती, म्हणून बोलत होत्या. तसं मी म्हणूनही दाखवलं. त्यावर त्या शांतपणे सांगू लागल्या, की एकदा त्याही याच खाडीतून घाईघाईने माहेरी निघाल्या होत्या. सगळी वाट उभ्याने काढली. उतरल्या तेव्हा त्यांना ओळखणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून त्या कोलंबी बरोबर घेतात.

मी बसले. त्यांनी पातेलं दोघींच्या मध्ये ठेवलं. कोलंबीच्या पाठीतला काळा धागा अख्खा निघायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मी ओढला की तुटायचा. तुटला की त्या ती कोलंबी माझ्याकडे परत सरकवायच्या. मी दातओठ खात सोलत राहिले. फोन वाजला. हात ओले होते म्हणून उचलला नाही. पुढे कधीतरी एक धागा अख्खा निघाला, मग दुसराही निघाला. फोन वाजायचा थांबला तेही मला कळलं नाही.

मान वर केली तर धक्का समोर आला होता. पायऱ्यांवर विद्याधर, आणि त्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. तिचं नाक आमच्या आईचं होतं.

“ताई, लवकर उतर,” विद्याधर म्हणाला.

मी उठले.

होडी आणि पायरी यांच्यामध्ये पाणी उघडलं. फार नाही, एका ढांगेपेक्षा थोडं जास्त. रुकय्याचाचींनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. विद्याधर पायऱ्यांवर नव्हता. मुलगी होती. आता तिने साडी नेसली होती, आणि तीही सावकाश शेवटच्या पायरीवर बसली. आमच्यामधलं पाणी हलत नव्हतं. मी पातेल्यातली एक कोलंबी उचलली. समोर तिने मान वळवली आणि कानावरचे केस मागे सारले. ते माझ्या केसांपेक्षा पांढरे होते.