हरवलेले पाच दिवस

स्टुलावर चढून घड्याळवालीने भिंतीवरच्या तक्त्याचा वरचा कोपरा सोडवला, तेव्हा चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही निघून आला. तिने तो दाबून परत बसवायचा प्रयत्न केला आणि मग नाद सोडला.

रुग्णालयाच्या तपासणी विभागात तिला सगळे घड्याळवाली म्हणत. सात आठवडे ती हातात घड्याळ आणि मांडीवर वही घेऊन एकेकाच्या टेबलाशी बसली होती. शस्त्रक्रियेत शरीरातून काढलेला तुकडा तपासणीसाठी बाटलीतून इथे येतो. तिथून अहवाल रुग्णाच्या हातात पडेपर्यंत काय काय घडतं, ते तिने चौकटी आणि बाणांनी या तक्त्यावर मांडलं होतं. मग त्याच चौकटी संगणकात घातल्या होत्या. कामाचा असा नमुना उभा करायचा, तो चालवून पाहायचा आणि कुठली पायरी बदलली तर काम लवकर होईल ते ठरवायचं, ही तिच्या सरांची पद्धत. ती प्रत्यक्षात कितपत टिकते हे तपासणं, हा तिचा प्रबंध.

टिकत नव्हती. अहवाल मिळायला अकरा दिवस लागतात, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. संगणकातला नमुना मात्र दरवेळी सहाच दिवस सांगत होता. ज्याला आजचं दाखवता येत नाही, तो उद्याचं काय सांगणार? मधले पाच दिवस कुठे जातात, ते काही केल्या तिला सापडत नव्हतं.

"ओढूनताणून जुळवू नकोस," सकाळी सर फोनवर म्हणाले होते. "पद्धत इथे लागू पडली नाही, असं सरळ लिही. माझी आहे म्हणून भीड धरू नकोस."

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. इथे बसायची परवानगी शनिवारी संपत होती.

"उतरवताय?"

खाली नोंदणीबाई उभ्या होत्या. आलेल्या बाटल्या वहीत चढवून पुढे पाठवायचं काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. जेवणाची सुट्टी असल्याने बाकीची टेबलं रिकामी होती.

"हो. गणित काही सुटेना."

"त्यात माझ्या चौकटींत काय लिहिलंय?"

"एकीत बाटली आली, नोंद केली. दुसरीत पुढे पाठवली. मिळून वीस मिनिटं."

नोंदणीबाईंनी स्टुलाचा पाय धरला. स्टूल डगमगत होतं म्हणून, की त्यांनाच आधार हवा होता म्हणून, ते कळलं नाही.

"खाली या जरा. तुम्ही वर नि मी खाली, असं नाही बोलता येणार मला."

ती उतरली. नोंदणीबाईंनी आधी दाराकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्याजवळ बसलात ना, ते चार दिवस मी बाटली लगेच पुढे धाडत होते. एरवी नाही धाडत. ट्रे भरेपर्यंत थांबते. तीस बाटल्या. मग तिसांच्या तीस चिठ्ठीशी ताडून बघते, दोनदा. असं करता करता एकेक बाटली माझ्याकडे चार दिवस राहते, कधी पाच, कधी सहा."

"पण वहीत तर त्याच दिवशी..."

"वहीत मी पाठवल्याची तारीख घालते. आल्याची नाही."

घड्याळवालीचा हात पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"एकोणीस वर्षं झाली. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली माझ्या हातून. वेळेत लक्षात आलं, कुणाचं वाकडं झालं नाही. पण तेव्हापासून माझाच माझ्या हातांवर भरवसा राहिला नाही. बाटली एकटी पुढे गेली की जीव थाऱ्यावर राहत नाही."

"बाई, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर कुणालाच कळलं नसतं."

"पहिल्या दिवशी तुम्ही पेन्सिल दिलीत. म्हणालात, तुमचं काम तुम्हीच काढून दाखवा. मी दोन चौकटी काढल्या नि पेन्सिल परत केली. तिसरी काढायची हिंमत झाली नाही." त्यांनी पदराने ओठ टिपले. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो. एकीने विचारलं, तर तिलाच मी खोटं दाखवलं. आज तुम्ही स्टूल ओढलंत नि मी डबा तसाच टाकून आले."

दोघींनी मिळून तिसरी, ट्रे भरेपर्यंत थांबण्याची चौकट काढली आणि संगणकात घातली. संगणकाने उत्तर दिलं: दहा पूर्णांक आठ दिवस. घड्याळवाली इतक्या जोरात हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. मग तिने आणखी एक बदल करून पाहिला. नाव आणि क्रमांकाची छापील पट्टी शस्त्रक्रियागृहातच, रुग्णासमोर बाटलीला लावायची. म्हणजे मध्ये नोंदवहीची गरजच उरत नव्हती. त्यापुढे तिचं बोट चालेना.

"काढा ना माझं टेबल," नोंदणीबाई म्हणाल्या. "ते जाणार हे माहीत होतं म्हणूनच तर सात आठवडे गप्प बसले."

विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परवानगी दोन महिन्यांनी वाढवली. नोंदणीबाई ज्यांची वाट पाहत होत्या ती बोलणी काही त्यांना बसली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "तुम्हाला कुठे बसायला आवडेल?"

छापील पट्ट्या आल्या आणि महिन्याभरात अहवाल सहाव्या दिवशी मिळू लागले. मूल्यमापनाच्या प्रकरणात घड्याळवालीने लिहिलं की पद्धत खरी उतरली. मात्र नुसत्या निरीक्षणातून ती कधीच उतरली नसती. जिचं टेबल जाणार होतं, तिनेच खरी माहिती दिली. सरांनी ते पान दोनदा वाचलं. एक शब्दही बदलला नाही.

"या बाईंना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले.

तो सांगायला ती गेली. नोंदणीबाईंनी अहवाल द्यायची खिडकी मागून घेतली होती, आणि समोर रांग होती. घड्याळवाली रांगेतच उभी राहिली. पुढच्या माणसाने आत चिठ्ठी सरकवली, नाव सांगितलं आणि उत्तराची वाट न पाहता तो जायला वळलासुद्धा.

"अहो दादा, थांबा! आलाय तुमचा."

"आज?" त्याने चिठ्ठीवरची तारीख पुन्हा वाचली. "मी तर नुसतं विचारून जाणार होतो. पुढच्या आठवड्यात परत यायचं म्हणून रजाही टाकून ठेवलीय."

"मग त्या दिवशी घरी बसा की निवांत."

त्याने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. उघडलं नाही. खिडकीच्या कडेला हात टेकून तो तसाच उभा राहिला. मागच्यांपैकी कुणीही त्याला घाई केली नाही.