आनंदीबाईचा कापलेला तुकडा

आमच्या आचरा गावातल्या एल्टनने ज्या ज्या गोष्टीविरुद्ध फिल्म काढली, ती गोष्ट पुढे भरभराटीलाच आली. खाणीवर काढली, खाण रुंदावली. धरणावर काढली, धरण काठोकाठ भरलं. लोक म्हणायचे, "एल्टना, गरिबीविरुद्ध तेवढी काढू नको रे बाबा." तो हसायचा. दर फिल्ममागे त्याची दाढी वाढे आणि त्याच्या आईची, म्हणजे आमच्या शाळेतल्या मेल्विनाबाईंची, सुनेची आशा कमी होई.

मी लग्नकार्यांना खुर्च्या पुरवतो. कोण कोणाशेजारी बसतं आणि कोण मुद्दाम बसत नाही, हे गावात माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल.

रापणीवरची फिल्म मात्र त्याला फळली. रापण म्हणजे अख्ख्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा. प्रखर दिवे पाजळून समुद्र उपसणाऱ्या बोटींनी रापणीला काही शिल्लक ठेवलं नाही, ही त्या फिल्मची गोष्ट. एल्टन वाडीत एवढा राहिला की मासे विकणाऱ्या आनंदीबाईला तो भाचा वाटायला लागला आणि कॅमेरा घरातलं मांजर. एकदा पडवीत बांगडे साफ करता करता ती बोलून गेली, "माझो दीपेश लायटीच्या बोटीर जाता रे. वाडीत कोणाक म्हायत नाय. काय करतलो, चूल पेटूक व्हयी ना?"

दिल्लीत बक्षीस मिळालं ते या बोलण्यावर. इतकं खरं आम्ही ऐकलं नव्हतं, असं परीक्षक म्हणाले. वाडीनेही ते ऐकलं, फोनवर. रापणीचा पुढारी धोंडू याने आनंदीबाईच्या मुलाच्या, दीपेशच्या, हातातला दोर काढून घेतला. मारलं कोणी नाही, शिवीही दिली नाही. तो आला की बोलणं थांबायचं, एवढंच. एके दिवशी दीपेश बॅग घेऊन निघून गेला. कोणाला तो विजयदुर्गाच्या जेटीवर दिसला, कोणी गुजरातेतल्या बोटीचं नाव सांगितलं. फोन बंद.

त्यानंतर एल्टन गावी आला आणि थेट आनंदीबाईकडे गेला. मी शेजारी, सहज म्हणून मागोमाग गेलो. मला वाटलं, ही आता विळी उचलते. तिने चहा ठेवला.

"एल्टना, तुझ्या फिलमीतला माझा बोलणा काढून टाक. तेवढा कापलंस काय मगे वाडयेक सांगूक येतला, असा काय नाय हा म्हणान. झील परत येतलो."

"मावशे, ता सगळ्यांच्या फोनात गेला."

"फिलम तुयाच केलंस ना? मगे तुझ्याच हातात आसा."

शहाण्या माणसाने तिला समजावलं असतं. एल्टनने कापलं. सगळ्या आयुष्याच्या मेहनतीत तेवढंच सोनं हाती लागलं होतं. ज्यांनी बक्षीस दिलं त्यांचे फोन आले, हा पठ्ठ्या ऐकेना. रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना चादरी टांगून, नवी फिल्म वाडीला दाखवायची ठरली.

खुर्च्या माझ्याच. हॉल भरला, धोंडूही आला. आनंदीबाई घडीचं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि मागे माणसं उभी होती.

तो भाग आला तेव्हा पडद्यावर समुद्र होता तो एकदम मासळीचा लिलाव झाला. कुजबुज सुरू झाली.

"अरे, आनंदीबायचा खंय गेला?"

"मांजरान खाल्ल्यान!"

तेवढ्यात मागून तिचाच आवाज आला. माझो दीपेश लायटीच्या बोटीर जाता रे. धोंडूच्या जावयाने फोन वर धरला होता. हॉल हसला. एल्टनने फिल्म थांबवली, दिवे लावले.

आनंदीबाई उठली. घरी निघाली असं मला वाटलं. ती मागे जावयापाशी गेली.

"परत लाव."

"काकी, मस्करी केलंय गो."

"लाव रे."

त्याने लावलं. ती स्वतःकडे बघत नव्हती. तिचं बोट फोनच्या कोपऱ्यात होतं. तिथे, तिच्या पाठीमागे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला दीपेश येत होता. कळशी उचलून वरून पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. बोलणं कापताना एल्टनने त्यालाही कापलं होतं. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"हो बघ माझो दीपेश," ती धोंडूला म्हणाली.

तिने फोन आपल्या हातात घेतला आणि पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मध्येच तिचा ओला अंगठा लागून चित्र थांबलं.

"एल्टना, हो हयसून खंय जाता? पुढचा दाखव."

"पुढचा नाय मावशे. कॅमेरो तुझ्यावर होतो."

"माझ्यावर कित्याक? माझ्यात काय बघूचा होता? तेच्याकडे फिरवूक व्हयो होतो रे."

एवढ्या खुर्च्या असताना एल्टन खाली फरशीवर बसला. फोन बराच वेळ आनंदीबाईच्याच हातात राहिला. जावयाने तो मागितला नाही.