कुमठ्याचा बर्फ

शिवप्रसादनं बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या एका दूध केंद्रात अकरा वर्षं अमोनियाची मशीन चालवली. आसपासच्या खेड्यांतून आलेलं दूध थंड ठेवायचं, हे त्याचं काम. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून आत काय बिघडलंय ते तो सांगायचा. मार्चअखेरीला मालकानं केंद्राला कुलूप लावलं आणि शिवप्रसादला येणाऱ्या कामाची तालुक्यात दुसरी जागाच उरली नाही.

घरात वडील आप्पाराव, बायको विजयश्री आणि दोन मुली. संपदा सात वर्षांची, भार्गवी तीनची. शेत होतं, पण ते धाकट्या भावाच्या संसाराला जेमतेम पुरायचं. विजयश्री बारावी सायन्स झालेली. डबा घेऊन केंद्रावर जायची ती तासभर तिथंच थांबायची. बघून बघून, विचारून विचारून तिनं मशीन शिकून घेतली होती. आप्पारावांच्या ऑपरेशनला शिवप्रसाद पाच दिवस बिदरला अडकला, तेव्हा केंद्र तिनंच सांभाळलं होतं. एक कॅन दूध नासलं नाही.

एप्रिलात हुबळीच्या एका ओळखीच्या दुकानदारानं दोन ठिकाणी शिवप्रसादचं नाव सुचवलं. दोन्ही बर्फाचे कारखाने, दोन्ही समुद्रकाठी, आणि दोन्ही शेजारशेजारच्या गावांत. होन्नावरचा मोठा होता, जोरात चाललेला. कुमठ्याचा लहान, मासे विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीचा, दोन वर्षं बंद. होन्नावरला पगार जवळजवळ दुप्पट, वर राहायला खोल्या.

"मग यात इचार कसला करायलास?" आप्पाराव म्हणाले. "जायचंच आसंल तर जितं पगार जास्त तितं जा. आन लेकरं ऱ्हाऊ दे हितंच. समुद्राकाठी बारकी पोरं कामून न्यायलास?"

"अप्पा, पोरी आमच्यासंगच येतील," विजयश्री तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "आन आधी दोन्ही गावं बघून येतो. चौघंबी. ऱ्हायचं चौघांला हाय."

मे महिन्यात संपदाची शाळा सुटली आणि ते निघाले. कलबुर्गी, तिथून हुबळी, मग घाट. घाटात भार्गवीनं दोनदा ओकारी काढली. संपदा मात्र झाडांना डोळे लावून बसली होती. "आई, हितं जमीनच दिसत न्हाई," एवढंच ती मधून मधून म्हणायची.

होन्नावरचा मालक बोलायला गोड होता. त्यानं गाडी पाठवली, चहा-केळाभजी मागवली, मग कारखान्यामागच्या खोल्या दाखवायला स्वतः आला. खोल्या नव्या रंगवलेल्या. खिडकीतून शरावती नदीचं मुख दिसत होतं, होड्या आतबाहेर करत होत्या. संपदा खिडकीपासून हलेना. विजयश्रीनंही क्षणभर मनात भांडी कुठं लावायची ते ठरवून टाकलं.

तेवढ्यात भार्गवी तिच्या साडीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, डोळे झोंबायलेत."

शिवप्रसादला अमोनियाचा वास फाटकातच आला होता. कारखान्यात थोडा येतोच, म्हणून त्यानं तिकडं दुर्लक्ष केलं होतं. आता तो खिडकीतून वाकला. बरोबर समोर, आठ-दहा हातांवर, सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपाचं तोंड होतं. मशीनमध्ये दाब वाढला की गॅस थेट या खिडकीत येणार.

त्यानं पिशवीतून गंधकाची वात काढली. जिथं अमोनिया गळतो तिथं जळत्या गंधकाचा धूर दाट पांढरा होतो. खाली जाऊन त्यानं वात पेटवली आणि पाइपांवरून हळूहळू फिरवली. एका व्हॉल्व्हपाशी पांढरा लोट उठला. पुढच्या व्हॉल्व्हपाशी पुन्हा.

"अहो, हा नेहमीचा वास," मालक कन्नडमधून म्हणाला. "चार दिवसांत सवय होते."

"मला झालीय सवय," शिवप्रसादही कन्नडमधूनच बोलला. "माझ्या पोरींना कामून व्हावी?"

तरी तो तसाच निघून गेला नाही. तिथं दहा-बारा माणसं काम करत होती. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला, नटबोल्टचे पाने मागितले आणि दोन तास घालून दोन्ही व्हॉल्व्हांचं पॅकिंग बदललं. वास थांबला. मालक बघतच राहिला. पाइपाचं तोंड वर वळवून घ्या, असंही शिवप्रसादनं त्याला बजावलं.

"तुमच्यासारखा माणूस मला हवाच," मालक म्हणाला. "खोल्या नकोत ना? गावात घर देतो. पगारही वाढवतो. उद्याच या."

आता नाही म्हणायला कारण राहिलं नव्हतं. पण विजयश्रीनं विचारलं, "मशीनवर दुसरा माणूस कोण हाय?"

"कुणी नाही. म्हणून तर बारा-बारा तास बसावं लागेल यांना."

"मला येते मशीन. एक पाळी मी करू शकते."

मालक हसला. वाईट हेतूनं नव्हे, खरंच गंमत वाटून हसला. "ताई, तुम्ही लेकरं सांभाळा. हे बायकांचं काम नाही."

विजयश्रीनं वरच्या खिडकीशी बसलेल्या संपदाला हाक मारून खाली बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसनं कुमठ्याला उतरले. सोसायटीची अध्यक्ष निलम्मा त्यांना घ्यायला स्टँडवर आली होती. पन्नाशीपलीकडची बाई, हातात मासळीची रिकामी टोपली तशीच. तिची किनारपट्टीची कन्नड आणि यांची बिदरची कन्नड सुरुवातीला एकमेकींत अडखळत होती. मग निलम्मा आणि विजयश्री दोघी हातवारे करून हसायला लागल्या आणि पुढं सगळं समजत गेलं.

कारखान्याची अवस्था वाईट होती. कॉम्प्रेसर गंजलेला, मिठाच्या पाण्याच्या टाकीत काळा गाळ, बर्फाचे पत्र्याचे साचे चेपलेले. शिवप्रसादनं चाक हातानं फिरवून बघितलं. फिरलं. त्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली.

विजयश्रीचं लक्ष शेजारच्या खोलीकडं होतं. तिथं पंधरा-सोळा पोरं चटईवर बसून पेज जेवत होती. दोन बाया वाढत होत्या.

"ही कुणाची लेकरं?"

"आमचीच," निलम्मा म्हणाली. "आम्ही पहाटे बंदरावर जातो, मग बाजारात. पोरांना कुठं टाकणार? म्हणून सोसायटीनंच हे चालू केलं. मोठी इथूनच शाळेत जातात, शाळा त्या वळणावर आहे."

हे बोलणं चालू असताना भार्गवी आईचा हात सोडून आत गेली, एका मुलीशेजारी जागा करून बसली आणि वाढणाऱ्या बाईकडं बघत राहिली. बाईनं काही न विचारता तिच्यापुढं ताटली ठेवली.

विजयश्रीनं कालचाच प्रश्न विचारला. मशीन मला येते, एक पाळी मी करीन, चालेल का?

निलम्मानं हातातली टोपली खाली ठेवली. "येते ना? मग विचारतेस कशाला? पण आमच्याकडं पैसे कमी आहेत, हे आधीच सांगते. बर्फ निघेपर्यंत एकच पगार, तोही लहान. निघाला की दोघांचे दोन."

परतीच्या बसमध्ये पोरी झोपल्यावर शिवप्रसाद म्हणाला, "विजू, दोन वर्सं बंद मशीन हाय ती. आतून काय निघंल सांगता येत न्हाई. न्हाई चालली तर?"

"तर परत येऊ. शेतात राबू." तिनं भार्गवीचं डोकं मांडीवर नीट घेतलं. "पण होन्नावरला काय व्हईल ते मला आत्ताच दिसायलंय. तुमी बारा तास मशीनवर, मी चार भिंतीत, आन पोरी माझ्या तोंडाकडं बघत बसलेल्या. कुमठ्यात चौघांलाबी काम हाय."

कलबुर्गीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या शिवप्रसादनं दोन फोन केले. पहिला होन्नावरला, दुसरा निलम्माला.

आप्पाराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चालता कारखाना सोडून बंद पडलेल्याकडं चाललास. लोक मला इचारायलेत, काय सांगू?"

जूनमध्ये ते कुमठ्याला गेले. मासेमारी तेव्हा दोन महिने बंद असते, ऑगस्टच्या एक तारखेला होड्या पुन्हा निघतात. तेवढ्यात मशीन उभी करायची होती. नवरा-बायकोनं कॉम्प्रेसर सुटा करून घासला, तेल भरलं, साचे ठोकून सरळ केले. संपदा शाळेत जाऊ लागली. पहिला आठवडा तिच्या बोलण्याला वर्गातली पोरं हसली. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांना आपल्याकडचं "कामून रे?" म्हणायला शिकवत होती.

जुलैच्या अखेरीला गॅस भरून मशीन चालू केली. एक दिवस सगळं नीट चाललं. दुसऱ्या दिवशी टाकीवर वास यायला लागला. मिठाच्या पाण्यात बुडालेल्या, गॅसच्या नळ्यांच्या सहा कॉइलपैकी कुठली तरी फुटली होती. शिवप्रसाद टाकीच्या काठावर बसला.

"पाण्याखाली गंधकाची वात चालत न्हाई," तो म्हणाला. "सगळ्या कॉइल भाहीर काढून एकेक तपासायची म्हंजे धा दिवस. हंगाम गेला."

विजयश्री निलम्माच्या घरी पळत गेली आणि हळदीचा डबा घेऊन आली. जुन्या पांढऱ्या धोतराच्या चिंध्या करून तिनं त्या हळदीच्या पाण्यात बुडवल्या आणि पंख्याखाली वाळवल्या. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा लाल रंग येतो. अमोनियानंही तसाच येतो, हे तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलेलं होतं.

"टाकीतला पाणी ढवळायचा पंखा बंद करा. पाणी थिर होऊ द्या."

प्रत्येक कॉइलपाशी तिनं काठीला बांधून एक चिंधी सोडली. पाच चिंध्या पिवळ्याच वर आल्या. चौथ्या कॉइलजवळची लालभडक.

शिवप्रसादनं ती चिंधी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मोठ्यानं ओरडला, "कल्लप्पाला बोलवा!" कल्लप्पा म्हणजे गल्लीतला वेल्डर. गॅस परत त्याच्या साठवणीच्या टाकीत ओढून घेतला, ती एकच कॉइल सुटी करून बाहेर काढली, धुऊन भोक भरलं. तीन दिवस गेले.

एक तारखेला होड्या निघाल्या, तेव्हा सोसायटीचा बर्फ तयार नव्हता. बायकांनी बाहेरून आणला.

चार तारखेला सकाळी नऊ वाजता विजयश्रीनं साच्यात बोट घालून बघितलं. दगडासारखं लागलं. शिवप्रसादनं साखळीनं साच्यांची पहिली रांग वर उचलली, लाद्या सुटाव्यात म्हणून साध्या पाण्यात बुडवली, मग घसरगुंडीवर कलंडवली. काहीच झालं नाही. मग कुठंतरी कट्ट आवाज झाला आणि बर्फाची पहिली लादी सरकत खाली आली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, चौथी. काचेसारख्या, कडा धारदार, अंगातून वाफ निघणाऱ्या.

दारात साठ-सत्तर बाया उभ्या होत्या. त्यांनी जो गलका केला त्यानं शेजारच्या खोलीतली पोरं ताटं टाकून धावत आली. निलम्मानं लादीवर पंजा टेकला आणि बधिर होईपर्यंत उचललाच नाही. भार्गवीनं एक तुकडा उचलून तोंडात घातला आणि थुंकला, कारण तिला तो गोड लागेल असं वाटलं होतं.

शिवप्रसादनं हुलसूरला व्हिडिओ कॉल लावला. आप्पाराव चष्मा पुसत पडद्यावर आले.

"बर्फ हाय का ते? आन मशीनपाशी कोण हुबी हाय?"

"विजू. मशीन तीच चालवायलीय, अप्पा. मी लाद्या उतरवायलाव."

आप्पारावांचं तोंड पडद्यावरून बाजूला गेलं आणि ओट्यावरून शेजाऱ्याला हाक मारणारा त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला, "अरे ए राघोबा, हिकडं ये! आमची सून बघ, अख्खा कारखाना चालवायलीय!"

विजयश्रीनं ते ऐकलं, पण वळून बघायला तिला फुरसत नव्हती. दाबाचा काटा जागेवर होता. निलम्मा तिच्याजवळ येऊन विचारत होती, उद्या किती निघेल?

"आजच्या दुप्पट," विजयश्री म्हणाली, आणि रिकामे साचे भरायला तिनं पाण्याचा नळ सोडला.