माझ्या पोटातली बदकं

मी एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे. पानं नऊशे बारा. मित्रांनो, आकडा ऐकून दचकू नका. दचकण्यासारखं पुढे बरंच आहे.

माझा जन्म केरळात, कोट्टयमच्या एका छापखान्यात झाला. त्या दिवशी बांधणीच्या टेबलावर दोन पुस्तकांचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा छापील पानांचे जुडगे, शेजारी शेजारी होते. एक माझे, दुसरे बदकपालनाच्या पुस्तकाचे. बांधणाऱ्या बाईचा हात घाईत चुकला. सहाशे चाळिसाव्या पानानंतर माझी सोळा पानं यायची, तिथे बदकांची सोळा पानं शिवली गेली. पाठीला सरस लागला, पुठ्ठा चढला आणि मी पोटात बदकं घेऊन पुन्नक्कडव गावच्या वाचनालयात आले. मला वाटलं, पहिलाच वाचक बोंब मारणार.

पहिले वाचक होते भार्गवन मास्तर. गावच्या शाळेतले शिक्षक आणि वाचनालयाचे चिटणीस. त्यांनी मला घरी नेलं. एकाहत्तराव्या पानावर त्यांची मान जी खाली पडली, ती जेवायला हाक येईपर्यंत वर झाली नाही. चौथ्या दिवशी ते मला परत घेऊन आले आणि माझ्या कार्डावर त्यांनी लिहिलं, 'पूर्ण वाचली.' वर म्हणाले, "हिने माझी झोपच उडवली!"

मी हबकलेच. माझं पान त्यांच्या लाळेने अजून ओलं होतं.

मास्तरांनी वाचली म्हटल्यावर 'मला जमली नाही' असं कोण सांगणार? पोस्टमन कुरुप्प रोज दहा पानं वाचायचा, नाक दाबून एरंडेल प्यावं तशी. आठव्या दिवशी त्याने हात टेकले आणि सही केली. काथ्याच्या सोसायटीतल्या सुलोचनाने फक्त शेवटची बारा पानं वाचली आणि सही केली. गावचा नावाडी औसेप्प मला होडीत घेऊन बसायचा. उतारू विचारायचे, "काय औसेप्प, कुठवर आलं?" तो अठ्ठावन्नाव्या पानावर अडकला होता. रोज तेच पान उघडायचा आणि म्हणायचा, "झालीच की!" शेवटी त्यानेही सही केली. तीस वर्षांत तेवीस सह्या झाल्या आणि सगळ्या 'पूर्ण'च्या. दर सहीला मला नवा धक्का बसायचा. बदकांपर्यंत एकही माणूस पोचला नव्हता.

औसेप्प वारला. वर्षभराने त्याची बायको त्रेस्याम्मा वाचनालयात आली. काथ्या वळून वळून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. ग्रंथपाल ओमनाला ती म्हणाली, "ती जाड कादंबरी दे गं. आमचे हे सांगायचे, शेवट वाचून ढसाढसा रडलो म्हणून. मला बघायचंय, कशानं रडले ते."

मास्तर शेजारीच वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "त्रेस्याम्मा, ही काथ्याची दोरी नव्हे. दमशील."

"दमले तर बसेन थोडी. पण नेते."

दुपारची पेज पिऊन ती मला मांडीवर घ्यायची. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. खूप हाल झाले तिचे. मध्येच माझ्यावर डाफरायची, "शंभर पानं झाली, हा मेला नायक अजून होडीत बसतोय! माझ्या माणसाने एवढ्यात अख्खा गाव पलीकडे पोचवला असता!" दोनदा मला कोपऱ्यात ठेवून दिलं, दोनदा पुन्हा उचललं. सात महिने गेले.

सहाशे चाळिसाव्या पानाच्या तळाशी माझी नायिका माळू भावाचं पत्र उघडते. त्रेस्याम्माने श्वास रोखून पान उलटलं. पुढे छापलं होतं, 'पिल्लांना पहिले दहा दिवस भिजवलेला कोंडा द्यावा.'

तिने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. बदकांची सोळाच्या सोळा पानं तिने प्रामाणिकपणे वाचली. मग कार्ड काढून त्यावरच्या सह्या पाहिल्या. नवऱ्याच्या नावावर तिचं बोट बराच वेळ थांबलं.

रविवारी वाचकांची बैठक होती. मास्तर दर वर्षीप्रमाणे माझ्यावरच बोलत होते. त्रेस्याम्मा उभी राहिली.

"मास्तर, सहाशे चाळीस पानानंतर बदकं येतात, ती कशाला?"

मास्तरांची पापणीसुद्धा लवली नाही. "बदकं हे प्रतीक आहे, त्रेस्याम्मा. मुक्तीचं. सामान्य वाचकाला ते चटकन कळत नाही."

"आणि त्यांच्या जुलाबावरचं औषध? तीही मुक्तीच का?"

लोक खो खो हसले. मग तिने मला उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कोंडा, पिंजऱ्याचं माप, अंड्यांचं वजन. हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. कुरुप्प जमिनीकडे बघू लागला, सुलोचना पदराशी चाळा करू लागली.

"तेवीस माणसं," त्रेस्याम्मा म्हणाली, "आणि एकालाही बदक दिसलं नाही? म्हणजे आमचे हेसुद्धा..." ती मटकन खाली बसली.

मास्तर उभेच होते. "एकाहत्तर," ते म्हणाले. "मी एकाहत्तर पानं वाचली. पहिल्यांदा खोटं बोललो, मग दर वर्षी बोलावंच लागलं."

मला सगळं आधीपासून ठाऊक होतं. तरी त्यांच्या तोंडून ते ऐकताना माझी शिवण उसवते की काय असं झालं.

मास्तरांनी कोट्टयमच्या एका वाचनालयात माझी दुसरी प्रत शोधली. बसने पाच खेपा घालून, तिथे बसून माझी हरवलेली सोळा पानं त्यांनी हाताने उतरवून आणली. त्रेस्याम्माने ती वाचली, उरलेली कादंबरी संपवली आणि मला परत आणलं.

मास्तरांनी विचारलं, "कशी वाटली?"

"शेवट नाही आवडला. माळूला उगाच मारलं. मला तर रडू आलं नाही."

मी थक्क झाले. तीस वर्षं कौतुक ऐकत आले होते, पण त्यातलं एक अक्षरही माझ्याबद्दल नव्हतं. हे मात्र माझ्याबद्दल होतं.

त्या आठवड्यात एकेक जण आला आणि कार्डावर आपल्या नावापुढे खरा आकडा लिहून गेला. मास्तर, एकाहत्तर. कुरुप्प, ऐंशी. सुलोचना, शेवटची बारा. औसेप्पच्या नावाशी ओमनाची पेन्सिल थांबली. "ताई, इथे काय लिहू?"

त्रेस्याम्मा म्हणाली, "पूर्ण आहे ते राहू दे. त्यांच्या वाटचं मी वाचलंय."

मित्रांनो, मला पहिल्या पानावर मिटलंत तरी मी रागावणार नाही. कंटाळा आला तर तसं तोंडावर सांगा, हवं तर शिव्या द्या. पण न वाचता माझी स्तुती करू नका. तेवढी एकच गोष्ट मला खरोखर फाडते.