घरून बोलावणं

जेरोतिचने सोललेला बटाटा पातेल्यात टाकला तेव्हा समोरच्या घरातून केमेई पाठीला पिशवी लावून बाहेर पडला. निघताना त्याने घरधनिणीकडे वळूनही पाहिलं नाही. कुंपणापर्यंत कसाबसा चालला आणि मग वरच्या वाटेने पळतच सुटला.

दारात बसलेल्या न्याम्बुरा आजीने मान वर केली.

"याला काय झालं गं?"

"त्याची आजी आजारी आहे म्हणे. आईचा फोन आला."

"वरच्या अंगाच्या घरातली पोरगी गेली, तिचीही आजी आजारी. त्याआधी गेला त्याची गाय अडली होती. सकाळपासून हा चौथा." म्हातारी बोळकं दाखवून हसली. "तुमच्या टेकडीवर एकदम साथच आली म्हणायची."

जेरोतिच बटाटे सोलत राहिली. सालं मात्र जाड निघायला लागली, आणि जाड सालं म्हातारीला खपत नसत.

तारकोंगेच्या उतारावर किकुयू जमातीची अकरा घरं होती आणि वर टेकडीभर जेरोतिचची कलेंजिन जमात. निवडणूक आली की या अकरा घरांची छपरं जळायची, असा जणू रिवाजच पडला होता. न्याम्बुरा आजीचं घर दोनदा जळलं होतं आणि दुसऱ्या खेपेला तिचा नवरा आत होता. यंदा शांती मंडळाच्या पोरांनी ठरवलं, आता पुरे. मंडळात दोन्हीकडची मिळून चौदा जणं होती. त्यांनी पिवळी जाकिटं घालून फुटबॉलचे सामने भरवले, शाळेच्या भिंती रंगवल्या, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना एका बाकावर बसवून फोटो काढले. त्याने काय होणार, हे बाकासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

खरी युक्ती काढली ती जेरोतिचने. तिला तिच्या आजीने सांगितलेलं आठवलं. जुन्या काळी गुरांवरून झालेली लढाई मिटवायची असली, की दोन्हीकडच्या आया आपली तान्ही मुलं एकमेकींच्या छातीला लावत. ज्या घरी आपलं मूल दूध प्यायलं, त्या घरावर मग भाला उगारायचा नाही. तान्ही मुलं आता कोण देणार? पण वरच्यांपैकी अकरा घरांनी आपलं एकेक मूल मतदानाच्या दिवसापासून निकाल पचेपर्यंत खालच्या घरी पाहुणं म्हणून धाडलं तर? आपलं पोर आत निजलेलं असताना घर पेटवील असा बाप जन्माला यायचाय. मात्र पाठवायचं ते लाडकं मूल. हा शब्द मंडळाच्या वहीत तिनेच स्वतःच्या हाताने लिहिला. लाडकं कोण ते तपासायचं कसं, हे चौदा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

चर्चमधल्या सभेत सगळे बाप पायांकडे बघत बसले होते. तेव्हा तिचा काका मारिटिम उठला.

"माझी जेरोतिच जाईल," तो म्हणाला. "न्याम्बुराच्या घरी. माझी पोर जाईल."

बाप मेला, आई दुसऱ्या घरी गेली, तेव्हापासून चौदा वर्षं ती काकाकडे होती. काकाला तीन मुलगे. ती गाई पिळायची, पाणी वाहायची, सगळ्यांचं झालं की जेवायची. काकाने तिला माझी म्हटल्याचं तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चर्चच्या मागे जाऊन ती पोटभर रडली. इतकी वेडी होती ती.

आज सहावा दिवस. बाकीच्या पाहुण्यांना घरून रोज दोनदा फोन यायचे. जेवलास का, थंडी वाजते का, त्या घरचे त्रास देतात का. जेरोतिचला एकही आला नव्हता. दुसऱ्याच दिवशी न्याम्बुरा आजीने विचारलं होतं, "तुझा काका तुला इथे टाकून विसरला की काय?" ते फार लागलं तिला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी गोठ्यामागे जायची आणि बंद फोन कानाला लावून म्हातारीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत राहायची. हो काका, जेवले. नाही काका, छान आहेत आजी. तुम्ही झोपा आता, माझी काळजी नका करू. बोलता बोलता कधी कधी तिला पलीकडून उत्तरही ऐकू आल्यासारखं वाटे, आणि मग फोन ठेवावासा वाटत नसे.

रेडिओवर निवेदक पुन्हा सांगू लागला, की निकाल दुपारी तीनला. म्हातारीने रेडिओचा कान पिळून तो बंद केला.

"आजी," जेरोतिच म्हणाली, "आपण निघू या का? गिचुही दुधाची गाडी घेऊन येतोय. सगळ्यांना पोलीस ठाण्यावर नेऊन सोडणार आहे."

गिचुही मंडळाचा म्होरक्या. खालच्याच घरांतला, शाळेत गणित शिकवणारा. सकाळी तो येऊन गेला तेव्हा म्हातारीने त्याला दारातूनच परतवलं होतं.

"तुला बोलावणं आलंय?"

"नाही."

"मग मी कशाला उठू?" म्हातारीने पाय पसरले. "हे बघ पोरी. मागच्या खेपेला माझी शेजारीण, तुमच्यातलीच, घर जळायच्या आदल्या दिवशी उसनं नेलेलं पातेलं घासूनपुसून परत घेऊन आली. सहा महिने मागत होते तेव्हा दिलं नाही सटवीने. मी मेली खूश झाले. तेव्हाच कळायला हवं होतं मला. आता कळतं. ज्यांचे पाहुणे गेले त्यांनी जावं. माझ्या घरात मारिटिमची पोर आहे. रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास बोलतो तो तुझ्याशी. असा माणूस तुला आगीत ठेवेल होय? ज्या घडीला तो तुला बोलावील, त्या घडीला मी उठेन. तोवर बटाटे संपव, आणि साल पातळ काढ."

 जेरोतिचची रोजची थापच म्हातारीला या दारात बांधून बसली होती. म्हातारीला, आणि आत चुलीपाशी मक्याच्या कणसाची बाहुली करत बसलेल्या सात वर्षांच्या तिच्या नातीला, वाइरिमुला.

"आजी, ते फोन..."

"काय ते फोन?"

"काही नाही."

ती सुरी ठेवून उठली. गोठ्यामागे जाऊन तिने या वेळी खरोखरच नंबर लावला. काका वरच्या पोरांना थोपवील, अशी तिला अजूनही आशा होती. चारचौघांत त्याने शब्द दिला होता. बऱ्याच वेळाने त्याने फोन उचलला.

"कोण?"

"काका, मी."

"मी कोण?"

"जेरोतिच."

"हां. बोल." पलीकडे पुष्कळ माणसांचा आवाज होता. कुणीतरी पात्याला धार लावत होतं.

"काका, सगळ्यांना घरी बोलावलं. केमेई पण गेला. मी... मी येऊ का?"

"येतेस कशाला?" तो वैतागला. मग जरा बाजूला गेला असावा, कारण आवाज खाली आला. "अगं, तू तिथेच बस. तू दिसते आहेस तोवर म्हातारी जागची हलणार नाही. मागच्या वेळी घर जळलं पण ती जगली, आणि वर्षाने परत येऊन तिथेच छप्पर घातलं तिने. कागद तिच्या ट्रंकेत, आणि ट्रंक तिच्या मांडीखाली. ती जमीन माझ्या बापाची आहे. या वेळी एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"आणि मी?"

"तुझं काय?"

तिने फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"सांगेन की पोरांना, की तू आत आहेस," काका म्हणाला. "आणि हो, दुभत्या गाईचं दावं कुठे ठेवलंयस? सकाळपासून सापडत नाहीये."

"दाराच्या मागे. खिळ्याला," तिने सांगितलं. फोन कट झाला.

गोठ्यातली गाय रवंथ करत तिच्याकडे बघत होती. जेरोतिच तिच्या पाठीला टेकून उभी राहिली. आत जाऊन खरं सांगता आलं असतं. की आजी, मी कुणाची लाडकी नाही. मला इथे आमिष म्हणून बांधलंय. तिने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. पण चौदा वर्षांचं ते सगळं तोंडातून निघण्यासारखं नव्हतं, आणि निघालं असतं तरी म्हातारीने हजार प्रश्न विचारले असते. तेवढा वेळ नव्हता.

ती दाराशी आली.

"काय म्हणाला गं?"

"बोलावलंय," जेरोतिच म्हणाली. "आत्ताच्या आत्ता घरी ये म्हणाले. म्हणाले, तुझ्यावाचून माझा जीव राहत नाही."

म्हातारी तिच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली. मग त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने उठली. मांडीखालची पत्र्याची ट्रंक ओढली, भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून कापडात गुंडाळला, वाइरिमुच्या पायात बूट कोंबले. हे सगळं करताना तिचं तोंड थांबलं नाही.

"सहा दिवस माझ्या हातचं खाल्लंस. सहा दिवस. म्हणे शांती! म्हणे दूध! रोज गोठ्यामागे उभी राहून मोठ्याने बोलता बोलता हळूच काय कुजबुजत होतीस ते आता कळलं. किती माणसं, किती दारं, हेच ना सांगत होतीस? साप बरा गं, तो निदान बटाटे सोलत नाही."

"आजी, लवकर," जेरोतिच म्हणाली.

"आजी म्हणू नकोस. आणि तो स्वेटर काढ. माझ्या लेकाचा आहे."

जेरोतिचने मंडळाच्या पिवळ्या जाकिटाखालचा स्वेटर काढून दिला आणि जाकीट परत चढवलं. उतारावर गार वारा सुटला होता.

दुधाची गाडी फाटकाशी येऊन थांबली. मागे कॅनांच्या जागी माणसं उभी होती. खालच्या घरांतली बायामुलं, कोंबड्या, गाद्या. गिचुहीने उतरून ट्रंक वर चढवली, म्हातारीला काखेत धरून उचललं. मग जेरोतिचकडे हात केला.

"चल, चढ. जागा आहे."

"ती कशाला?" वरून म्हातारी ओरडली. "तिला घरून बोलावणं आलंय!"

गाडीतल्या माणसांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. गिचुहीचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"तुलाही?" त्याने विचारलं.

जेरोतिचने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

खरं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. पण म्हातारीचा एक पाय अजून फळीवरच होता. या पोरीला कुणी बोलावलेलंच नाही असं कळतं, तर ती उतरली नसतीच असं कोण सांगणार? आणि दुसरंही एक होतं. गाडीभर माणसं तिच्याकडे थुंकायच्या नजरेने बघत होती, पण जिच्यावाचून कुणाचा तरी जीव राहत नाही अशी मुलगी म्हणून बघत होती. असं तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"सकाळपासून," ती म्हणाली.

गिचुहीने तिच्या अंगातलं पिवळं जाकीट काढून घेतलं. हिसकावलं नाही, नीट एकेक हात सोडवून काढलं, आणि घडी घालून पुढच्या सीटवर ठेवलं. वाइरिमु वरून म्हणाली, "ताई पण येऊ दे ना." म्हातारीने तिचं तोंड दाबलं.

"ती आपल्यातली नाही. तिची माणसं वाट बघतायत तिची. जा गं बाई, धाव! तुझ्या काकाचा जीव जाईल!"

कुणीतरी हसलं. गाडी सुरू झाली.

गाडीची वाट उताराला लागून ओढ्यापर्यंत सरळ जात होती, त्यामुळे मागे उभ्या माणसांना फाटक अन् त्यापुढची चढण बराच वेळ दिसत राहणार होती. म्हातारी मागेच तोंड करून बसली होती. जेरोतिच वळली आणि काकाच्या घराच्या वाटेने वर चालू लागली. घरून बोलावणं आलेल्या पोरी चालतात तशी, भराभर, एकदा तर थोडी धावलीसुद्धा. वरून, झाडीतून, पोरांच्या शिट्ट्या खाली येत होत्या. एक शिट्टी काकाच्या मधल्या मुलाची होती.

गाडी ओढ्यापलीकडे वळणाआड गेली. तोवर ती चालत राहिली. मग थांबली, आणि वाटेच्या कडेला खाली बसली.