खिळा दोनची विसावी लेव्हल

बावीस वर्षं गोदीतली उंच क्रेन चालवणारी बाई घराच्या जिन्यावरून तीन पायऱ्या घसरली आणि डावं मनगट मोडून बसली. प्लॅस्टर निघालं तेव्हा हाड जागेवर आलं होतं, पण बोटं रुसली होती. करंगळी तर हाक मारली तरी ओ देत नव्हती. क्रेनला दोन दांडे असतात, प्रत्येक हाताला एक. तीन महिन्यांनी गोदीत हाताची परीक्षा होणार होती. त्यात पास झाली तरच वर केबिनमध्ये, नाहीतर खाली टेबलाशी बसून शिक्के मारायचे.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मऊ रबरी चेंडू दिला. रोज दोनशे वेळा दाबायचा. चौथ्या दिवशी तो घरंगळत कपाटामागे गेला आणि हिने तो काढायची तसदी घेतली नाही.

तिची लेक औषधांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी घरी आली की कम्प्युटरवर तिचा ऑनलाइन गेम सुरू व्हायचा. राक्षस, जादूगार, आणि कुठकुठली हजारो माणसं एकाच वेळी लढत असलेली. आईने आजवर तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिची नजर लेकीच्या डाव्या हातावर खिळली.

"हा हात काय करतोय गं?"

"चालवतोय. तीन बोटांनी चालायचं, करंगळीनं ढाल धरायची. बटण सोडलं की ढाल खाली."

"करंगळीनं? सरक बघू."

लेकीने तिला नवा योद्धा काढून दिला. नाव विचारलं तर आई म्हणाली, "खिळा. ठोकला की हलत नाही."

पहिल्या दिवशी त्या खिळ्याला एका कोल्ह्याने अकरा वेळा मारलं. करंगळी बटणावर टेकायची, पण दाबायची म्हटलं की थरथरायची.

"ढाल उजव्या हाताला घे ना, माऊसवर," लेक म्हणाली. "पुष्कळ जण घेतात."

"मग करंगळी काय नुसती बसून खाणार?"

बाराव्या खेपेला कोल्हा मेला आणि ती खुर्चीतून अशी उठली, जणू वाघच लोळवला. मग रोज सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. कोल्ह्यांनंतर लांडगे, लांडग्यांनंतर दरोडेखोर. दुखलं की हात गरम पाण्यात, पाणी निवलं की पुन्हा बटणांवर. पाच आठवड्यांत खिळा एकोणिसाव्या लेव्हलला पोचला आणि तिथे रुतला. पुढे पूल होता आणि पुलावर दगडी राक्षस. त्याचा घण खाली येत असताना सलग दहा सेकंद ढाल धरावी लागे. तिची करंगळी सातव्या सेकंदाला हात टेकायची. चार दिवस ती त्या पुलावर मरत होती.

पाचव्या दिवशी ती हात दाखवायला दवाखान्यात गेली. परत येऊन पाहते तर खिळा चोविसाव्या लेव्हलला! अंगात चकचकीत चिलखत, हातात निळी तलवार.

"सुट्टी होती ना आज," लेक हसत म्हणाली. "म्हटलं, तुझं ओझं जरा हलकं करावं."

"राक्षस कुणी मारला?" आईने विचारलं.

"मी."

"कुणाच्या करंगळीनं?"

लेकीचं हसू मावळलं. "आई, गेम आहे तो! चार दिवस तुझे हाल बघवत नव्हते मला."

"मला तरी कुठे बघवतात? पण परीक्षेला तू येणार आहेस का माझ्या जागी दांडा धरायला?"

तिने खिळा तसाच उभा ठेवला आणि नवा योद्धा काढला. नाव खिळा दोन. लेव्हल एक, हातात लाकडी तलवार. लेक तोंड फुगवून आत निघून गेली. दोन दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं. तिसऱ्या दिवशी लेक गरम पाण्याचं भांडं घेऊन आली, टेबलावर ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढून बसली.

"कितवी?"

"आठवी."

"तीन दिवसांत? मागच्या वेळी तर दोन आठवडे लागले होते."

"कोल्हे ओळखीचे झालेत आता," आई म्हणाली, आणि दोघी खुदकन हसल्या.

चौथ्या आठवड्यात खिळा दोन पुलावर पोचला. पहिल्या चार खेपांना राक्षसाने त्याचा चेंदामेंदा केला. पाचव्या खेपेला घण वर गेला तेव्हा लेक मोठ्याने आकडे मोजू लागली. सात. आठ. आईच्या कपाळावर घाम, मनगटापासून कोपरापर्यंत कळा. नऊला करंगळी पांढरी पडली, पण उठली नाही. दहा! घण ढालीवरून निसटला, खिळ्याने पुढे होऊन वार केला, आणखी एक, आणखी एक, आणि तो दगडी डोंगर पुलावरून खाली कोसळला. पडद्यावर विसावी लेव्हल झळकली. लेक नाचत होती. आई करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसली होती. डोळे भरून आले होते.

परीक्षा पुढच्याच आठवड्यात झाली. सुपरवायझरने तिला एकामागून एक सहा पेट्या उचलायला लावल्या. पाच अलगद बसल्या. सहावी ठेवताना डावा हात थकला आणि पेटी वीतभर वाकडी टेकली.

"मोठी क्रेन इतक्यात नाही देता येणार," सुपरवायझर म्हणाला. "सहा महिने छोटी चालवा, मग पुन्हा बघू. चालेल?"

"छोटीला दांडे किती?"

"दोनच की."

"मग चालेल," ती म्हणाली आणि केबिनची किल्ली घ्यायला तिने डावा हात पुढे केला.